आयसीयूच्या आत आई असली तर नेमकं काय होतं?

आपल्याकडच्या हॉस्पिटलांमधली एक गोष्ट बघा. मूल तापाने फणफणलं, सलाईन लावायला जनरल वॉर्डात ठेवलं, तर आई त्याच खाटेवर पाय मुडपून त्याच्या शेजारी झोपलेली असते. तिला कोणी हटकत नाही, उलट सिस्टरच ओरडते की आई कुठेय याची, बोलवा तिला, औषध पाजायचंय. आणि तेच मूल रात्रीतून सिरियस झालं, आयसीयूत हलवलं, की आई बाहेर. दार बंद, दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं, एका वेळी एकच नातेवाईक, पास दाखवा. म्हणजे मूल जितकं जास्त आजारी तितकी आई लांब. हे असं कुठून आलं, आणि आई आत राहिली तर मुलाच्या शरीरात खरंच काही फरक पडतो का की ते सगळं आपलं भावनिक, हे जरा सोपं करून सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. नवजात बाळांच्या बाबतीत तरी आता पुरेसा पुरावा आहे की आई जवळ असणं हा उपचार आहे, आणि तो मिळत नसेल तर बहुतेक वेळा कारण मेडिकल नसतं, आईला टेकायला तिथे खाट नसते हे असतं.

आधी थोडं ओळखीचं करून घेऊ, कारण घाबरलेल्या घरच्यांना ही नावं सगळी एकच वाटतात. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचं, साधारण पहिल्या २८ दिवसांतल्या. पीआयसीयू म्हणजे त्याहून मोठ्या मुलांचं, डेंग्यूचा शॉक, न्यूमोनिया, मेंदूज्वर, साप-विंचू, ॲक्सिडेंट असं सगळं. आणि जिल्हा हॉस्पिटलात ज्याला एसएनसीयू म्हणतात ते सरकारी व्यवस्थेतलं आजारी नवजात बाळांचं युनिट, तिथे १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं, जन्मल्यावर न रडलेली, जास्त कावीळ झालेली, दिवस भरायच्या आधीच आलेली अशी ठेवतात. घरी सगळे म्हणतात "बाळाला पेटीत ठेवलंय". खरं तर बरेचदा ती पेटी नसते, वरून ऊब देणारा उघडा वॉर्मर असतो, पण ते असू दे.

तर दार बंद का झालं? जंतूंच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नव्हती. अँटिबायोटिक्स यायच्या आधी मुलांच्या वॉर्डात गोवर, घटसर्प, जुलाब एकाकडून दुसऱ्याकडे जायचे आणि मुलं पटापट दगावायची, म्हणून बाहेरची माणसं कमी करणं हा साधा हिशोब होता. पण मग औषधं आली, स्वच्छता सुधारली, तरी नियम तसाच राहिला. लंडनमधल्या १९४९ च्या वेळा वाचल्या तर विश्वास बसत नाही, गाइज हॉस्पिटलात रविवारी दुपारी दोन ते चार एवढंच भेटायचं, आणि सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेटच नाही, फक्त संध्याकाळी सात ते आठ मूल झोपलेलं असताना लांबून बघायचं. कारण काय, तर आई आली की मूल रडतं, गेली की अजून रडतं, त्यापेक्षा न आलेलीच बरी, चार दिवसांत "रुळतं" मूल.

या रुळण्याबद्दल जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने फार नीट सांगून ठेवलंय. तो तिथल्या मुलांच्या वॉर्डांत बसून नुसतं निरीक्षण करायचा. त्याचं म्हणणं असं की मूल आधी आकांत करतं, मग गप्प होतं, मग आई आली तरी तिच्याकडे बघत नाही. सिस्टर लोकांना वाटायचं शहाणं झालं, रॉबर्टसन म्हणाला की गप्प झालंय कारण त्याने आशा सोडलीय. १९५२ साली त्याने दोन-अडीच वर्षांच्या एका मुलीचे हॉस्पिटलातले दिवस कॅमेऱ्यावर शूट करून डॉक्टरांना दाखवले, डॉक्टर लोक चिडले म्हणे. पण १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट कमिटीने रिपोर्ट दिला की आईवडिलांना भेटायला मोकळीक द्या, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स नावाचे डॉक्टर तर १९२० च्या दशकापासूनच आयांना बाळासोबत ॲडमिट करत होते, पण एकटा माणूस करतो तेव्हा ते त्याचं खूळ असतं, कमिटीने सांगितलं की धोरण होतं.

हे झालं साध्या वॉर्डांचं. आयसीयूचं दार त्यानंतरही बंदच होतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६० च्या दशकात काही डॉक्टरांनी हिंमत करून आयांना कमी दिवसांच्या बाळांच्या युनिटमध्ये घेतलं, हात धुवून, गाऊन घालून, पेटीत हात घालून बाळाला शिवू दिलं, आणि दोन वर्षं मोजत बसले की इन्फेक्शन वाढतंय का. वाढलं नाही. ते १९७० साली छापून आलं. म्हणजे "आई आली की जंतू येतात" या मुद्द्याला उत्तर मिळूनही पन्नास वर्षं उलटून गेली, आणि आपल्याकडे कितीतरी ठिकाणी अजून तोच मुद्दा सांगितला जातो.

खरी उलथापालथ मात्र श्रीमंत देशातून आली नाही, आणि हे मला फार आवडतं. १९७८ च्या सुमाराला कोलंबियात, बोगोटाच्या एका सरकारी प्रसूती हॉस्पिटलात एकेका पेटीत दोन-दोन तीन-तीन बाळं ठेवायची वेळ आली होती, इन्फेक्शनने मरत होती, आया बाळांना सोडून जात होत्या. तिथले डॉक्टर एडगार रे आणि त्यांच्यासोबत हेक्टर मार्टिनेझ यांनी पेटीऐवजी आईच्या उघड्या छातीवर बाळ बांधायला सुरुवात केली. तेच कांगारू मदर केअर, आपल्याकडे सगळे केएमसी म्हणतात. आणि जवळजवळ त्याच वेळी, १९७९ मध्ये, एस्टोनियात टॅलिनला आदिक लेव्हिन नावाच्या डॉक्टरांकडे नर्सच पुरेशा नव्हत्या, म्हणून त्यांनी आयांना चोवीस तास बाळांजवळ ठेवून घेतलं, पाजणं, पुसणं, लंगोट बदलणं सगळं आया करणार, नर्स सुया-औषधं आणि लक्ष ठेवणं. दोघांची एकमेकांशी ओळख ना पाळख. एकीकडे पेट्या नाहीत, दुसरीकडे माणसं नाहीत, आणि दोघांनी हाताशी असलेलंच वापरलं. टॅलिनचं बघून पुढे कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यावर मोठी चाचणी केली, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ एनआयसीयूंमध्ये, आईवडिलांनी रोज किमान सहा तास युनिटमध्ये थांबून बाळाचं करायचं, आणि २०१८ साली निकाल आला की त्या बाळांची वजनं जास्त चांगली वाढली आणि आईवडिलांची काळजी-धास्ती कमी होती.

आता शरीरात काय होतं ते बघू, कारण "आईची माया" म्हटलं की डॉक्टर लोक मान डोलावतात आणि काही बदलत नाहीत, ग्रॅम आणि डिग्रीत सांगितलं की ऐकतात.

दीड किलोच्या बाळाचा सगळ्यात मोठा शत्रू थंडी असते. चहाची वाटी पातेल्यापेक्षा लवकर निवते ना, तसं छोटं शरीर पटकन गार पडतं, त्यात त्वचेखाली चरबी नाही, कुडकुडता येत नाही. गार पडलं की ते ऊब तयार करण्यात साखर आणि ऑक्सिजन खर्च करतं, साखर खाली येते, श्वास बिघडतो, आणि वजन वाढायला काही उरतच नाही. आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवलं की आईची त्वचाच ऊब देत राहते, आणि बाळ गार पडायला लागलं तर छातीचं तापमान थोडं वाढतंसुद्धा. शिवाय कमी दिवसांची बाळं मध्येच श्वास घ्यायचं विसरतात, हो अक्षरशः विसरतात, मेंदूतला तो भाग पिकलेला नसतो. आईच्या श्वासाची हालचाल, उभी पोझिशन, अंगाला लागलेलं अंग यामुळे श्वास आणि ठोके जास्त स्थिर राहतात. झोप चांगली लागते, आणि मेंदू झोपेतच वाढतो.

आणि जंतू. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर कोणाचे तरी जंतू वस्तीला येणारच आहेत, प्रश्न एवढाच की कोणाचे. आईच्या त्वचेवरचे साधे, घरगुती, की आयसीयूतले क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर, ज्यांना निम्मी अँटिबायोटिक्स जुमानत नाहीत? आई आधी पोचली तर जागा तिच्या जंतूंनी धरलेली असते.

हे सगळं माहीत असूनही कित्येक वर्षं नियम असा होता की बाळ आधी स्टेबल होऊ दे, मग कांगारू. म्हणजे आधी चार-पाच दिवस पेटीत, मग आईकडे. पण बाळं दगावतात ती बहुतेक त्याच पहिल्या दिवसांत. मग जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठी चाचणी घेतली, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतल्या पाच हॉस्पिटलांत, आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग. १ किलोपासून ते १८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं. अर्ध्यांना नेहमीसारखं, स्थिर झाल्यावर केएमसी. अर्ध्यांना जन्मल्याबरोबर, तासा-दोन तासांत, अजून स्थिर नसतानाच आईच्या छातीवर, आणि उपचार तिथेच चालू. आयसीयूतल्या दिवसांत पहिल्या गटाला रोज सरासरी दीड तास स्पर्श मिळाला, दुसऱ्या गटाला जवळजवळ सतरा तास.

२८ दिवसांत पहिल्या गटात १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्यात १२ टक्के. म्हणजे मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी. साधारण २७ बाळांना असं ठेवलं तर एक जास्तीचं वाचतं. इन्फेक्शनचा संशय, अंग गार पडणं, हेसुद्धा कमी. फरक इतका स्पष्ट दिसायला लागला की चाचणी मध्येच थांबवली, कारण उरलेल्या बाळांना यापासून लांब ठेवणं बरोबर नव्हतं. २०२१ मध्ये हे छापून आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली, जन्मल्यावर लगेच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं. अपवाद फक्त व्हेंटिलेटरवरची, शॉकमधली, स्वतःहून श्वास न घेणारी बाळं. मला सांगा, एवढा फरक पाडणारी एखादी गोळी निघाली असती तर तिची जाहिरात किती झाली असती.

पण यातली खरी मेख वेगळी आहे. सतरा तास छातीवर ठेवायचं तर आईला सतरा तास आत राहायला लागेल, आणि सिझेरियन झालेली बाई सतरा तास प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसू शकत नाही. म्हणून सफदरजंगला युनिटच वेगळं उभं केलं, मदर-एनआयसीयू. बाळाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट. आईचं जेवण तिथे, बाथरूम तिथे, टाके बघायला, बीपी बघायला गायनॅकची टीम तिथे येते. ऐकायला साधं वाटतं पण आपल्या हॉस्पिटलात हे अवघड का जातं माहितेय? बाळंतीण गायनॅकची पेशंट, बाळ पेडियाट्रिकचं पेशंट. दोन डिपार्टमेंट, दोन फायली, बरेचदा दोन मजले, कधीकधी दोन बिल्डिंगा. आईचा डिस्चार्ज तिसऱ्या दिवशी होतो, सिझर असेल तर सातव्या, तिची खाट दुसरीला देतात, आणि बाळ अजून तीन आठवडे आत. मग त्या बाईने राहायचं कुठे? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी हॉस्पिटलात आजारी बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या, गाडी मोफत आहे, पण बाळंतिणीचं मोफत जेवण नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस असं मोजलेलं आहे. त्यापुढचं हॉस्पिटलागणिक बदलतं. योजनांचंही तेच, महात्मा फुले योजनेत नवजात बाळाच्या आयसीयूची पॅकेजेस आहेत, पण कागदावर पेशंट बाळ आहे, आई नाही.

म्हणून जिन्याखाली चटई टाकून बसलेल्या ओल्या बाळंतिणी दिसतात. डोक्याला स्कार्फ, कानात कापूस, आणि सासू घरून डब्यात आणलेली मेथीची पेज भरवतेय.

सरकारला हे कळत नाही असं नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलात आईवडिलांना शिकवून युनिटमध्ये घेण्याचा प्रयोग झाला आणि त्यावरून केंद्राने २०१७ मध्ये एसएनसीयूंसाठी मार्गदर्शिका काढली, फॅमिली पार्टिसिपेटरी केअर म्हणजे एफपीसी या नावाने. त्यात हात कसे धुवायचे, बाळाला कसं धरायचं, दूध कसं काढायचं, धोक्याची लक्षणं कोणती, हे घरच्यांना शिकवायचं आणि आत घ्यायचं असं आहे. म्हणजे तुमच्या जिल्हा हॉस्पिटलात कोणी म्हणालं की आईला आत घ्यायचा नियमच नाही, तर नियम आहे. भांडू नका, फक्त नम्रपणे सिस्टर इनचार्जना विचारा की एफपीसीचं ट्रेनिंग आम्हाला कधी मिळेल. हा शब्द वापरला की समोरच्याला कळतं की यांना माहितेय.

आता आई आत गेली तर प्रत्यक्षात करते काय? नुसती बघत बसत नाही.

पहिलं काम दूध. बाळ इतकं लहान असतं की ओढून पिता येत नाही, गिळायला आणि श्वास घ्यायला एकाच वेळी जमत नाही, ते साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमायला लागतं. तोवर दूध हाताने काढायचं. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी मागे छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे दाबायचं, ओढायचं नाही, घासायचं नाही. पहिल्या दिवशी वाटीत काय येतं, तर पिवळसर चिकट चार-दोन थेंब. बाई रडायला लागते की दूधच नाही. अहो तोच चीक, तेवढाच लागतो. सिस्टर तो सिरिंजमध्ये ओढून घेतात आणि बाळाच्या गालाच्या आतून लावतात, बाळ तोंडाने काही घेत नसलं तरी. पुढे नळीने पाजायची वेळ येते, नाकातून किंवा तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी, तिला सिरिंज जोडायची, दट्ट्या काढून टाकायचा आणि सिरिंज हातात उभी धरायची. दूध आपोआप हळूहळू उतरतं. ढकलायचं नाही. हे काम आईला शिकवलं की आईच करते, आणि माझ्या बघण्यात आलंय की जी बाई दोन दिवस पुतळ्यासारखी बसली होती ती ही सिरिंज हातात आली की बोलायला लागते.

दूध टिकवायचं तर दिवसातून आठ-दहा वेळा काढावं लागतं, रात्रीसुद्धा एकदा तरी, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. घरचे म्हणतात झोपू द्या तिला रात्री, बरोबर आहे त्यांचं, पण एकदा उठवा. आणि बाळाशेजारी बसून काढलं की जास्त येतं, हे जवळजवळ प्रत्येक बाई सांगते. आईच्या दुधावर असलेल्या कमी दिवसांच्या बाळांना आतडं सुजून सडण्याचा जो भयानक आजार होतो तो बराच कमी होतो, पावडरच्या दुधावर जास्त, म्हणून एवढा आटापिटा. ज्यांना खरंच येत नाही त्यांच्यासाठी दूधपेढी असते, मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली आशियातली पहिली मानली जाते, तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून देतात.

दुसरं काम कांगारू. पुढून उघडणारा गाऊन, आतलं काही नाही, बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे. दोन स्तनांच्या मध्ये उभं, बेडकासारखे हातपाय दुमडलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी. वरून पट्टा किंवा सुती ओढणी घट्ट बांधायची. मग आई मागे टेकून बसते किंवा अर्धवट आडवी होते, झोपलीसुद्धा तरी चालतं, सपाट झोपायचं नाही एवढंच. पहिल्यांदा ठेवताना सगळ्यात जोखमीचा क्षण उचलण्याचा असतो, कारण नळ्या, वायरी ओढल्या जातात, म्हणून ते सिस्टरसोबतच. आणि आई दमली की बाबांच्या छातीवर ठेवा, आजीच्या ठेवा, छातीवर केस आहेत म्हणून काही बिघडत नाही, हा प्रश्न सगळे बाबा विचारतात.

सगळ्यात वाईट अवस्था कोणाची, तर ज्यांचं बाळंतपण एका गावात आणि बाळ दुसऱ्या गावात. तालुक्याच्या मॅटर्निटी होममध्ये सिझर झालं, बाळाला श्वास जमेना म्हणून ॲम्ब्युलन्सने शहरात नेलं, सोबत बाबा आणि मामा, आई टाक्यांसकट मागे. तिला तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बाळ फक्त मोबाईलवर दिसतं. अशा वेळी निदान दूध काढणं त्याच दिवशी सुरू करा, बर्फाच्या थर्मासमधून बाळाच्या युनिटला पाठवता येतं का विचारा, आणि तिला तिथल्याच हॉस्पिटलात हलवता येईल का हेही विचारा. पोटातलं बाळ हलवणं जन्मलेलं हलवण्यापेक्षा बहुतेक वेळा सोपं, त्यामुळे धोका आधी माहीत असेल तर बाळंतपणच मोठ्या ठिकाणी करणं सगळ्यात चांगलं.

आणि इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी, आईसुद्धा पेशंट आहे. बाळ लवकर आलं ते बरेचदा आईचं बीपी वाढलं म्हणून, आणि ते बीपी बाळंतपणाने लगेच जात नाही, झटके नंतरही येऊ शकतात. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात वर दुखणं, ताप, पॅड भरभरून रक्त, टाक्यातून पाणी, यातलं काही झालं तर "माझं काय एवढं, बाळाचं बघा" म्हणायचं नाही. आयसीयूबाहेर बसलेल्या बायका हेच म्हणतात आणि दुखणं अंगावर काढतात. सव्वा महिना बाहेर पडू नये म्हणणाऱ्या आजींनाही काळजी याचीच असते, बाळंतिणीला गारठा, दगदग नको. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा सांगावं की पडून विश्रांती बाळाजवळच मिळणार आहे, खाट मागतोय आम्ही.

मोठ्या मुलांच्या आयसीयूत गोष्ट थोडी वेगळी. तिथे छातीवर ठेवून मृत्यू कमी झाला असा आकडा नाही, पण कारणं दुसरी आहेत. पाच वर्षांचं मूल औषधाच्या गुंगीत, तोंडात नळी, हात बांधलेले, दिवे चोवीस तास चालू, मॉनिटर वाजतोय. मुलं भ्रमिष्टासारखी होतात तिथे, भिंतीवर काहीबाही दिसतं, दिवस-रात्र कळत नाही. ओळखीचा आवाज, घरची गोधडी, "आता रात्र झालीय, झोप" असं कोणीतरी सांगणं, यामुळे ते शांत राहतं. आणि आईला फरक आधी कळतो. "आज हा वेगळाच वाटतोय" हे वाक्य डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यावं यासाठी इंग्लंडमध्ये आता नियम झालाय. मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून, गेली, आई सोबत होती, मुलीची तब्येत बिघडतेय हे आईवडील सांगत होते, पण तिला वेळेत आयसीयूत हलवलं नाही. तिच्या आईवडिलांनी लावून धरलं आणि २०२४ पासून तिथे मार्थाज रूल सुरू झाला, घरच्यांना वाटलं की पेशंट खालावतोय आणि वॉर्डातले ऐकत नाहीत, तर ते थेट आयसीयूच्या दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. आपल्याकडे तसं काही नाही, पण "डॉक्टर, काल बाटली धरत होता, आज हात उचलत नाहीये" असं नेमकं सांगितलं तर "बघा ना कसं करतोय" पेक्षा नक्की जास्त ऐकलं जातं.

डॉक्टर-सिस्टर लोकांची बाजूही ऐका. एका सिस्टरकडे आठ-दहा बाळं, त्यात नातेवाईक आत आले की दहा प्रश्न, मोबाईलवर व्हिडिओ, शेजारच्या बाळाचं काय झालं त्याची चर्चा. मूल दगावलं की तोडफोड-मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ही भीती खरी आहे. पण आपल्या बाळावर काय काय चाललंय हे रोज डोळ्यांनी बघितलेली आई सहसा "आत काय केलं आमच्या बाळाचं" म्हणत नाही. बंद दारामागे संशय वाढतो. आणि हात धुणं, दागिने-घड्याळ काढणं, सर्दी-खोकला, कांजिण्या किंवा घरात टीबी असेल तर आधी सांगणं, हे घरच्यांचं काम आहे, त्यात सूट मागू नये.

एक मात्र कृपा करून करू नका. जी आई थांबू शकत नाही तिला नावं ठेवू नका. घरी दुसरं तीन वर्षांचं मूल आहे, ऊसतोडीचा मुकादम आगाऊ दिलेले पैसे मागतोय, किंवा तिला स्वतःलाच आत गेलं की घेरी येते. कुणाला तो मॉनिटरचा आवाज घरी गेल्यावर महिनोन् महिने कानात येतो, दचकून उठतात. झोप न लागणं, रडू न थांबणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर ते औषधोपचाराचं काम आहे, मनाचा कमकुवतपणा नाही.

आणि घरी सोडायच्या आधी एक रात्र तरी बाळाचं सगळं स्वतः करायला मिळावं म्हणून सांगा, सिस्टर हाकेवर असताना चुकलेलं परवडतं. घरी गेल्यावरही कांगारू चालू ठेवायचं, बाळ अडीच किलोचं होईपर्यंत किंवा ते स्वतःच वळवळून नको म्हणेपर्यंत. आशाताई घरी येतील त्यांना वजनाचं कार्ड दाखवा. आणि डोळ्यांची तपासणी विसरू नका, २ किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी आलेलं बाळ असेल तर पडद्याची तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी, फारच लहान असेल तर त्याआधी, कारण पडद्याचा तो आजार बाहेरून दिसत नाही आणि वेळ गेली की दृष्टी परत येत नाही. डिस्चार्ज कार्डवर ती तारीख लिहिलेली नसेल तर काउंटरवरून हलू नका, लिहून घ्या.